मापाचे माणूस

बदलीच्या नोकरीत घरातले सामान प्रत्येक मुक्कामी थोडेथोडे कमी होत जाते; वाढत जाते ती फक्त छायाचित्रांची वही. आमची ही वही १९७२ साली हैदराबादेस सुरू झाली. त्या साली आम्ही आग्फा क्लिक थ्री नावाचा एक साधा कॅमेरा घेतला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत, आणि बारा चित्रांत एक गाव संपवायचे असा आमचा हिशेब असे. हिशेबतपासणीच्या खात्यात नोकरी असल्यामुळे तो सहसा चुकत नसे. हैदराबादेचा चारमिनार, आग्र्याचा ताज, लखनौचा इमामवाडा, भुवनेश्वराहून एका रविवारी गाठलेले कोणार्क. प्रत्येक ठिकाणी एक इमारत आणि तिच्यापुढे ओळीने उभे असलेले आमचे कुटुंब. मुले उंच होत गेली, सौ.च्या चष्म्याची चौकट बदलली, मध्यंतरी कॅमेराही बदलून रशियन बनावटीचा झेनिट आला. उभे राहण्याची रीत तेवढी बदलली नाही. आणि प्रत्येक चित्रात उजव्या टोकाला आई. वडील वारल्यानंतर साताऱ्याच्या घराला कुलूप लावून ती आमच्या बदल्यांमागून देशभर हिंडली, आणि जेथे जेथे आम्ही सांगितले तेथे तेथे, पदर सावरून, हात दोन्ही बाजूंना सोडून, निमूटपणे उभी राहिली.

ह्या वहीचा आम्हांला अभिमान होता. पाहुणे आले की चहाच्या आधी वही येई. एकदा दुपारी आई ती एकटीच चाळीत बसली होती. आम्ही सहज विचारले, कशी वाटतात चित्रे? ती म्हणाली, "इमारती छान आल्या आहेत. मीही आहे खरी. पण देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवल्यासारखी." आम्ही हसलो. आईही हसली. त्या हसण्यातले काय तिचे आणि काय आमचे, हे कळायला पुढे कलकत्त्यास जावे लागले.

कलकत्त्यास आमची बदली १९९१ च्या उन्हाळ्यात झाली. त्याआधी काही महिने चौरंगीजवळच्या 'बोर्न अँड शेफर्ड' ह्या जुन्या छायाचित्रगृहाला मोठी आग लागून शतकभराचा संग्रह बराचसा जळून गेला होता. कचेरीत जाताना ती इमारत दिसे. (पुढे पुष्कळ वर्षे ते दुकान कसेबसे चालले आणि २०१६ साली कायमचे बंद झाले.) त्या काळ्या पडलेल्या भिंतींमुळे आम्हांला प्रथमच कुतूहल वाटले, की हा बोर्न होता तरी कोण? चौकशी केली तेव्हा कळले, की सॅम्युएल बोर्न हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम गावी बँकेत कारकून होता. ती नोकरी सोडून तो १८६३ साली हिंदुस्थानात आला, जड काचा आणि रसायने हमालांच्या पाठीवर देऊन तीनदा हिमालयात शिरला, आणि १८७० साली परत गेला. कारकुनाच्या हातून असे काही घडू शकते, ह्या विचाराने त्या दिवशी खतावणीवरून आमची नजर दोनदा घसरली.

ही चौकशी आम्ही ज्यांच्याकडे केली ते आमचे शेजारी. भवानीपुरातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खालच्या मजल्यावर हे वृद्ध गृहस्थ एकटे राहत. आमची मुले त्यांना 'जेठू' म्हणत आणि मुलांचे ऐकून आम्हीही तेच म्हणू लागलो. जेठूंनी हयातभर एका छापखान्यात हाफटोन ब्लॉक तयार करण्याचे काम केले होते. छायाचित्राला जाळीतून पाहून त्याचे लहानमोठे ठिपके करावयाचे आणि ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे, असा तो धंदा. तीसपस्तीस वर्षे जगातली उत्तमोत्तम आणि अत्यंत भिकार चित्रे त्यांच्या भिंगाखालून गेली होती. स्वतः त्यांनी कधी कॅमेरा हाती धरला नव्हता. आम्ही मोठ्या हौसेने वही दाखविली. त्यांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली, मिटली, आणि आमच्या आईची प्रकृती कशी असते ते विचारले. चित्रांविषयी चकार शब्द नाही. आम्ही मनातून खट्टू झालो.

आठवड्याने त्यांनी आम्हांला खाली बोलावले. टेबलावर एक मोठे पुस्तक उघडे होते आणि त्यात एकच चित्र आमच्यासमोर ठेवले होते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्याने १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे घेतलेले ते सुप्रसिद्ध चित्र. वाचकांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल. साचलेले पाणी, पाण्यात आडवी पडलेली एक शिडी, आणि त्या शिडीवरून पुढे झेपावलेला टोपीवाला माणूस. त्याची टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरले आहे. जेठू म्हणाले, "अर्धा तास पाहा. मग बोलू." अर्धा तास! आमच्या खात्यात कोटी रुपयांच्या ठेक्यालासुद्धा कोणी अर्धा तास देत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत आम्हांला उडी मारणारा माणूस दिसला आणि पाहणे संपले असे वाटले. मग बसल्याबसल्या मागच्या भिंतीवरचे फलक दिसले. त्यांवर एक नर्तकी तशीच झेप घेत आहे, फक्त उलट दिशेला. मग पाण्यातली तिचीही सावली दिसली. मागे कुंपणाच्या गजांशी उभा असलेला, ह्या सगळ्याशी काही देणेघेणे नसलेला एक इसम दिसला. पाण्यात पडलेल्या लोखंडी कड्या आणि त्यांच्याभोवतीचे तरंग दिसले. विसाव्या मिनिटाला जेठूंनी पुस्तक उलटे फिरवले. डोके खाली, पाय वर. म्हणाले, ब्लॉक करणारा चित्र असेच तपासतो. माणूस दिसेनासा झाला की आकार दिसू लागतात. आणि खरोखर, उलट्या चित्रात तो माणूस आणि त्याचे प्रतिबिंब मिळून एक मोठी कात्री उघडल्यासारखी दिसत होती.

मग त्यांनी प्रश्न विचारला. चित्राविषयी त्यांनी आम्हांला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि पुढे पाच वर्षे ते प्रत्येक चित्रापाशी तोच विचारीत राहिले : "तो कोठे उभा होता?"

आम्हांला सांगता येईना. उत्तर असे, की तो फळ्यांच्या एका कुंपणामागे होता. दोन फळ्यांमधल्या फटीतून त्याने कॅमेऱ्याचे भिंग आत घातले होते. त्याला स्वतःला पलीकडचे नीट दिसतही नव्हते. निगेटिव्हच्या एका बाजूला फळी आली होती, ती छापताना कापावी लागली. चित्राची कड कोणी कापू नये असा हट्ट धरणाऱ्या ह्या कलावंताचे सर्वांत गाजलेले चित्र नेमके कापलेले आहे, हे सांगताना जेठूंना फार आनंद होई. छापखान्यात लाल पेन्सिलीने दुसऱ्यांच्या चित्रांच्या कडा कापण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

आता सांगायला संकोच वाटतो, पण ह्या दर्शनाचा आमच्यावर जो पहिला परिणाम झाला तो सरळ चोरीचा होता. ऐन पावसाळा होता. कलकत्त्यात पाणी साचायला फारसा पाऊस लागत नाही, आणि ठनठनिया व आमहर्स्ट स्ट्रीट ह्या भागाची ह्या बाबतीत विशेष ख्याती. आम्ही दोन रविवार छत्री आणि झेनिट घेऊन तेथे उभे राहिलो. कोणीतरी उडी मारील, टाच पाण्याला टेकायच्या आत आम्ही कळ दाबू, पॅरिसचे काम कलकत्त्यात होऊन जाईल! दोन रोल, म्हणजे बहात्तर चित्रे खर्ची पडली. एकाही माणसाने उडी मारली नाही. कलकत्त्याचा माणूस पाण्यावरून उडी मारीत नाही. तो धोतर किंवा विजार गुडघ्यापर्यंत वर घेतो, चपला हातात धरतो आणि गप्पा मारीत पाण्यातून चालू लागतो. गुडघाभर पाण्यात उभे राहून दोघेजण वर्तमानपत्रातल्या मजकुरावर वाद घालीत होते, तेही आमच्या समोर. आम्ही त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आमची नजर उडी मारणाऱ्याला शोधीत होती. घरी येऊन बहात्तर चित्रे धुतली तेव्हा ते दोघे एका कोपऱ्यात, अर्धे कापले गेलेले, अस्पष्ट असे सापडले.

जेठूंना ही हकीकत सांगितली तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी दुसरे एक चित्र दाखविले. मार्टिन मुंकाची ह्या हंगेरियन छायाचित्रकाराचे : टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणारी तीन मुले, पाठमोरी, काळीभोर, फेसावर उमटलेल्या अक्षरांसारखी. मुंकाची हा मुळात खेळांची चित्रे घेणारा. धावणे आणि उडणे त्याच्या बोटांतच होते. कार्तिए-ब्रेसाँ तेव्हा तेविशी-चोविशीचा, चित्रकलेचे शिक्षण घेतलेला, आफ्रिकेतून नुकताच जबर आजारी होऊन परतलेला तरुण होता. १९३१-३२ च्या सुमारास त्याने हे चित्र एका प्रकाशनात पाहिले, आणि कॅमेऱ्याने असेही करता येते हे त्याला प्रथम उमगले. ह्या एका चित्राचे ऋण तो पुढे म्हातारपणापर्यंत सांगत असे. जेठू म्हणाले, "बघा, तो आफ्रिकेत राहून आला होता. तेथील मुले, तेथील पाणी त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तरी ते दिसले दुसऱ्याच्या चित्रात. आणि दिसल्यावर तो परत आफ्रिकेत धावला का? नाही. स्टेशनामागे गेला."

हे आम्हांला त्या वेळी नीटसे पटले नाही. मुंकाचीची मुले आणि साँ-लाझारचा टोपीवाला ह्यांचा संबंध काय? पण जेठूंनी दोन्ही चित्रे उलटी करून शेजारी ठेवली, तेव्हा पाण्याशी पायाची गाठ पडण्याआधीचा तो पोकळ क्षण दोन्हीकडे सारखाच आढळला. एकाने दुसऱ्याकडून मुले घेतली नव्हती, समुद्रासारखे ते सरोवरही घेतले नव्हते. वेळ घेतली होती.

जेठू बंगाली असल्यामुळे गोष्ट सत्यजित रायांपर्यंत जाणार हे ठरलेलेच. रायांचे छायाचित्रणकार सुब्रत मित्र हे कार्तिए-ब्रेसाँचे मोठे भक्त. विशी नुकतीच ओलांडलेल्या ह्या तरुणाने 'पथेर पांचाली'च्या आधी चलच्चित्राचा कॅमेरा कधी चालविला नव्हता. १९५६ च्या 'अपराजित'साठी काशीतल्या घराचे अंगण कलकत्त्यातील स्टुडिओत उभारावे लागले. काशीच्या उंच घरांत अंगणावर प्रकाश पडतो तो वरच्या आभाळातून, पसरलेला, सावली न पाडणारा. स्टुडिओतील दिवे तर प्रत्येक वस्तूला दोन-दोन सावल्या देणार. मित्रांनी अंगणावर पांढरे कापड ताणून आभाळ केले, आणि दिवे खालून त्या कापडावर मारून त्याचा परतलेला उजेड खाली घेतला. तो उजेड इतका खरा उतरला, की पाहणाऱ्याला ते अंगण काशीतलेच वाटावे. ज्या फ्रेंच माणसाने सापडेल त्या उजेडात, कृत्रिम दिवा न लावता चित्रे घेतली, त्याच्यापासून मित्रांनी एकही दृश्य उचलले नाही. उजेडाशी इमान राखणे तेवढे उचलले. स्वतः रायांनीही त्या फ्रेंच माणसाच्या भारतातील चित्रांच्या १९८७ सालच्या पुस्तकाला प्रास्ताविक लिहिले आहे. आमच्यापुढे उघडलेले पुस्तक तेच असावे असा वाचकांचा समज होईल. ते ते नव्हते, पण जेठूंकडे तेही होते आणि त्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

अशा रीतीने आठवड्याला एक चित्र, असा आमचा अभ्यास चालू झाला. आणि एका आठवड्यात राजा दीनदयाळ आले.

दीनदयाळांविषयी आमच्या मनात आधीपासूनच आपुलकी होती. १८४४ साली मीरतजवळ सरधन्यास जन्मलेला हा माणूस रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून १८६६ साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व आराखडे करणाऱ्यांचा प्रमुख म्हणून रुजू झाला. म्हणजे आमच्यासारखाच आकडे लिहिणारा! १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती आला, मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची चित्रे झाली, ती सर लेपेल ग्रिफिन ह्यांच्या १८८६ च्या ग्रंथात आली. पुढे नोकरी सुटली आणि निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचे पद व 'राजा' हा किताब मिळाला. ज्या हैदराबादेत आमची वही सुरू झाली त्याच हैदराबादेत ह्या गृहस्थाने आपली कीर्ती मिळविली होती, आणि तीन वर्षे तेथे राहून आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

जेठूंनी त्यांची आणि त्यांच्या काळातल्या इतरांची वास्तुचित्रे ओळीने मांडली. देवळे, तोरणे, किल्ल्यांच्या भिंती. रेषा अशा सरळ, की ओळंबा लावून घ्याव्यात. प्रकाश असा तिरपा, की दगडावरचे कोरीव काम बोटाला लागावे. आराखडे करणाऱ्याचे डोळे! आम्ही मनापासून वाहवा करीत होतो. जेठू म्हणाले, "माणूस कोठे आहे तो पाहा." पाहिले. एका खांबाच्या पायथ्याशी एक माणूस बसलेला होता, मुंडासे घातलेला, निश्चल. दुसऱ्या एका चित्रात पायरीच्या टोकाला एक उभा. कोण असतील ते? जेठू म्हणाले, "कोणी नाही. पहारेकरी असेल, हमाल असेल. जुन्या वास्तुचित्रांत असा एक माणूस पुष्कळदा बसवलेला असतो. तो मापासाठी. त्याच्या उंचीवरून खांबाची उंची कळते."

आम्ही त्या खांबापाशी बसलेल्या माणसाकडे पाहत राहिलो. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. चेहरा कॅमेऱ्याकडे, पण चेहऱ्यात काही नाही. हलू नकोस असे सांगितलेले आणि तो हललेला नाही. मग आम्ही उठलो आणि काहीतरी सबब सांगून वर आलो. वही काढली. चारमिनार. ताज. इमामवाडा. कोणार्कचे चाक. एकोणीस वर्षे, आठ गावे, आणि प्रत्येक पानावर उजव्या टोकाला मापाचे माणूस.

दीनदयाळांना दोष देण्याचा येथे प्रश्न नाही. त्यांना खांबाचे चित्र हवे होते आणि त्यांनी ते अप्रतिम घेतले. माणसांची चित्रे त्यांनी निराळी घेतली आणि तीही थोर आहेत. आम्हांला मात्र आईचे चित्र हवे होते, निदान तसे आम्ही समजत होतो, आणि ते आमच्याजवळ एकही नव्हते. तिचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते.

ह्यानंतर आमच्या शिक्षणाची पद्धत थोडी बदलली. पूर्वी चित्र पाहताना, हे कसे केले असेल, असे मनात येई. आता, हे आपल्या घरात कोठे आहे, असे येऊ लागले. ह्या कामी आम्हांला सर्वांत उपयोगी पडला तो उजेन अॅट्जे. तोही आमच्याच जातकुळीचा म्हणावयास हरकत नाही. आधी खलाशी, मग नट, आणि मग दोन्हींत फारसे यश न आल्यावर जवळजवळ तीस वर्षे पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, दुकाने, जिने आणि झाडे टिपणारा हा गरीब माणूस आपल्या चित्रांना कला म्हणत नसे. 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशी पाटी त्याने लावली होती. दस्तऐवज! हा शब्द वाचून कोणत्या सरकारी नोकराचे अंतःकरण भरून येणार नाही? १९२७ साली तो वारला तेव्हा बेरेनिस अॅबट ह्या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्या काचा आणि चित्रे विकत घेऊन वाचविली. नंतर ती न्यूयॉर्कला परतली आणि ते बदलते शहर तिने ज्या चिकाटीने टिपले, त्या चिकाटीचा धडा तिने अॅट्जेपाशीच घेतलेला होता.

अॅट्जेची चित्रे पहिल्यांदा पाहिली तर त्यांत काहीच घडत नाही. पण तो त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा जाई. साँ-क्लूच्या बागेतल्या झाडांकडे वर्षांमागून वर्षे, निरनिराळ्या ऋतूंत. सकाळी लौकर, रस्ता रिकामा असताना. त्याच्या जुन्या लाकडी पेटीच्या काचेवर प्रतिमा उलटीच पडे, म्हणजे जेठूंची युक्ती त्याला आयुष्यभर आपोआपच साधलेली होती. आम्ही ठरविले की आपणही दस्तऐवज करावा. नव्या गावाला जावयाचे नाही, सहल काढावयाची नाही. घरातली एकच जागा, रोज एकाच वेळी.

जागा कोणती, हे ठरवावे लागले नाही. आमच्या घराला रस्त्याकडे एक अरुंद सज्जा होता आणि आई सकाळी आठपासून तेथे असे. तिला बंगाली येत नव्हते, हिंदी येत होते ते चारपाच शब्दांपुरते. हाजरा मार्गावरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या दिवसांत तिला नेले, की परतताना ती फार बोले आणि मग आठ दिवस गप्प असे. आपण हिला उगाच परमुलखात आणून कोंडले, ही टोचणी आम्हांला होतीच. ती सज्जात तांदूळ निवडी, वाती वळी, आणि खाली रस्ता पाही. समोरच्या घराची भिंत नुकतीच पांढरी केलेली होती. आठ वाजता ऊन त्या भिंतीवर पडे आणि परतून आमच्या सज्जात येई. सावली न पाडणारा, मऊ उजेड, मित्रांच्या कापडावरून यावा तसा. दोन वर्षे तो आमच्या घरात येत होता. तो पाहण्यासाठी आम्हांला काशीचे खोटे अंगण पाहावे लागले.

१९९३ च्या नोव्हेंबरात आम्ही सुरुवात केली. झेनिटमध्ये उटकमंडच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म, दाराच्या चौकटीला टेकलेला खांदा, आणि पुढे कचेरीची वेळ. पहिले आठ दिवस वाया गेले, कारण आम्ही दिसलो की आई उठून उभी राही, पदर सावरी आणि हात बाजूला सोडी. एकोणीस वर्षांची शिस्त! नवव्या दिवशी ती म्हणाली, "काय ते काढ एकदा, माझी पाठ दुखते." आम्ही म्हटले, तू बैस, आम्ही काही काढीत नाही. आणि खरोखरच काही दिवस काही काढले नाही. नुसते उभे राहिलो. तेव्हा प्रथमच कळले, की तो सज्जा मुका नव्हता.

सव्वाआठला तरकारीवाला येई. आई दोरीला बांधलेली टोपली खाली सोडी. ती मराठीत बोले, तो बंगालीत. तिने पहिल्या महिन्यात केव्हातरी 'पडवळ' मागितले होते आणि त्याने वर 'पटोल' पाठविले होते, म्हणजे परवर. तिने ते परत केले. त्याने पुन्हा तेच पाठविले. शेवटी तिने त्याची भाजी केली, आणि तेव्हापासून आमच्या घरी परवराला पडवळ म्हणतात. हे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे, की त्या माणसाला तिच्या गुडघ्याचे दुखणे माहीत होते, तिला त्याच्या मुलीच्या लग्नाची काळजी होती, आणि ह्या सगळ्याला दोघांना मिळून तीस शब्द पुरत होते. समोरच्या खिडकीतली एक म्हातारी ह्या घासाघिशीत पंच म्हणून भाग घेई. जिला आम्ही कोंडलेली समजत होतो, तिचा तेथे रोज अर्धा तास दरबार भरत असे. आम्ही त्या वेळी आत दाढी करीत असू.

चित्र मिळाले ते महिन्याच्या शेवटी. टोपली निम्म्यावर आलेली आहे. आई कठड्यावरून वाकली आहे. डाव्या हातात ताणलेली दोरी, उजवा हात वर आणि त्याची दोन बोटे उभी : दोनच रुपये, जास्त नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तोंड उघडे, कारण ती भांडते आहे आणि भांडता भांडता हसते आहे. समोरच्या भिंतीचा उजेड तिच्या गालावर आणि त्या दोन बोटांवर. आम्ही दारात उभे आहो हे तिला माहीत होते. त्या क्षणी तिला आमची गरज नव्हती, एवढेच.

आईने ते चित्र हातात घेऊन पाहिले, दूर धरले, पुन्हा जवळ घेतले आणि म्हणाली, "टोपली विटली आहे रे. एक नवी आण." जेठूंनी ते भिंगाखाली धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला नाही, की आम्ही कोठे उभे होतो. फक्त उजव्या कडेला दाराची चौकट आली आहे ती कापा, असे म्हणाले आणि लाल पेन्सिल शोधू लागले. आम्ही कापू दिले नाही. त्यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते.

१९९६ साली आमची बदली झाली. आई नंतर दोन वर्षे ताईकडे साताऱ्यास जाऊन राहिली आणि १९९८ च्या मार्गशीर्षात तेथेच गेली. भिंतीवर लावण्यासाठी चित्र हवे होते. आम्ही सज्जातले चित्र मोठे करून, जपून, पुठ्ठ्यांत घालून पाठविले. ताईचा फोन आला. "अरे, हे कसे लावू भिंतीवर? तोंड उघडे, बोटे वर केलेली. हार घालायचा आहे त्याला. लोक काय म्हणतील?" तिचेही खरे होते. हार घालावयाच्या चित्राकडून लोकांची एक अपेक्षा असते आणि ते चित्र ती पुरी करीत नव्हते. आम्ही म्हटले, तुला योग्य वाटेल ते कर.

तेराव्याला पोहोचलो तेव्हा चित्र भिंतीवर होते. ताईने आमच्याच वहीतले कोणार्कचे चित्र गावातल्या स्टुडिओत दिले होते. त्या कारागिराने मुले, सौ. आणि देऊळ काढून टाकून एकट्या आईला मोठे केले होते. मूळ चित्रात चेहरा नखाएवढा. तो एवढा वाढवल्यामुळे ठिपक्या-ठिपक्यांचा झाला होता, जेठूंच्या जाळीतून पाहावा तसा. पदर सावरलेला, चेहरा समोर. मागची जागा त्याने पांढुरकी करून टाकली होती. चाक मात्र सबंध पुसता आले नव्हते. खांद्यामागून वर चढत डोक्याभोवती वळणारी त्याची एक कमान आणि दोन आरे फिकट राखाडी रंगात शिल्लक होते.

शेजारच्या एक वृद्ध बाई भेटायला आल्या. त्यांनी चित्रापुढे हात जोडले, बराच वेळ पाहिले आणि ताईला म्हणाल्या, स्टुडिओवाल्याने प्रभावळ मोठी छान काढली आहे हो. ताईने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही.